भिलाटीचा स्टँडपोस्ट कोणी पाडला

"तो स्टँडपोस्ट इन्स्पेक्शनला दिसता कामा नये," मुख्याधिकारी म्हणाले.

"सर, आखाजी तोंडावर आली आहे. ती होऊ द्या, मग काढतो," मी म्हणालो.

"आखाजी म्हणजे अक्षय तृतीयाच ना? मग उत्तम. साडेतीन मुहूर्तांतला एक."

मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसलो. साहेब तरुण होते, पुण्याकडचे होते, हुशार होते. आखाजी म्हणजे खान्देशात काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून या गोष्टीत त्यांचा दोष कमी आणि माझा जास्त धरावा.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. आता नगरपरिषद स्मरणिका काढते आहे आणि 'आपलं शहर स्टँडपोस्टमुक्त कसं झालं' यावर मी दोन पानं लिहावीत असं मला सांगण्यात आलं. लिहितो आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

स्टँडपोस्ट म्हणजे रस्त्यावरचा सार्वजनिक नळ. एक सिमेंटचा खांब, त्याला चारी बाजूंनी तोट्या, खाली दगडी ओटा. वरून धोरण आलं होतं की घरोघरी नळ द्या आणि रस्त्यावरचे बंद करा. धोरण वाईट नव्हतं, हे आधी सांगतो. बाईमाणसाला डोक्यावर हंडा घेऊन रस्त्यात ताटकळायला लागू नये, एवढंच त्यात होतं. आम्ही एकेक करत गावातले सगळे स्टँडपोस्ट काढले. कुणी हरकत घेतली नाही, कारण आधी घरात नळ आला होता. उरला फक्त एक. गोकुळनगर आणि भिलाटीच्या मधला.

तो मीच बसवला होता. नोकरीतलं माझं ते पहिलं काम.

तेव्हा तिथे गोकुळनगर नव्हतं. एका गुजर पाटलांचं केळी-कापसाचं शेत होतं आणि शेताच्या कडेला, नाल्याच्या काठाने, त्यांच्या सालदारांच्या झोपड्या होत्या. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. ती वस्ती म्हणजे भिलाटी. पाणी सुटलं त्या दिवशी तिथली एक नवी नवरी पुढे आली. मोगीबाई तिचं नाव. तिनं तोटीला हळदकुंकू लावलं, ओट्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"तू पानी लयना, तू पयले खाय," ती म्हणाली.

आमच्या अहिराणीत 'तुम्ही' फारसं नाहीच. ती मला शेवटपर्यंत तूच म्हणाली. ऑफिसात मला 'सर', 'रावसाहेब' असं बरंच काही म्हणत. त्या 'तू'ची सर कशालाच नव्हती.

पुढे ते शेत एन. ए. झालं, म्हणजे कागदावरची शेती संपून तिथे प्लॉट पडले. शिक्षक, कारकून, बँकवाले राहायला आले. सुरुवातीला कॉलनीतही लाइन नव्हती. त्यामुळे कॉलनीच्या बायका आणि भिलाटीच्या बायका एकाच ओट्यावर. मी संध्याकाळी स्कूटरवरून तिकडून मुद्दाम जायचो. रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. स्टीलची कळशी, मग जर्मनचा हंडा, मग तेलाचा प्लॅस्टिकचा डबा, पुन्हा कळशी. ज्याचं भांडं पुढे त्याचं पाणी पुढे. मालकीण घरी चहा पीत बसली तरी चालेल, पण दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही. हा कायदा कुणी केला ठाऊक नाही, पण अंमलबजावणी मोगीबाईकडे होती.

एकदा चौधरी सरांनी, म्हणजे कॉलनीतल्या हेडमास्तरांनी, घाईत आपली बादली पुढे सरकवली. मोगीबाईनं ती उचलून मागे नेऊन ठेवली.

"शायमा पोऱ्या मझार घुसना ते काय करस तू?" तिनं विचारलं. शाळेत पोरगा मध्ये घुसला तर काय करतोस?

"छडी देतो," सर म्हणाले.

"मंग हात कर पुढे."

सगळा ओटा हसला. सरही हसले. तेव्हा हसायचे ते.

सरांच्या मिसेसना दिवस गेले होते तेव्हा त्यांची कळशी मोगीबाईच भरून घरात नेऊन द्यायची. तिथूनच तिला कॉलनीत धुणीभांड्यांची कामं मिळाली.

मग कॉलनीत लाइन आली. घरोघरी टाक्या झाल्या, मोटारी बसल्या. कॉलनीची कळशी रांगेतून गेली. आणि ज्या ओट्यावर आपण उभे होतो तो ओटा लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागला. चिखल होतो, आरडाओरडा होतो, गुरं येतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. चौधरी सर आता रिटायर होऊन कॉलनीचे अध्यक्ष झाले होते. ते दर महिन्याला ऑफिसात येऊन बसत.

"इंजिनिअर साहेब, आमच्या प्लॉटचा भाव या नळामुळे अडलाय."

"सर, भिलाटीला दुसरं पाणी कुठंय?"

"त्यांनाही घरोघरी द्या की. नाही कोण म्हणतंय?"

बरोबर होतं. पण घरात नळ द्यायला घराला घरपट्टीचा नंबर लागतो. भिलाटीला तो नव्हता. शेताचे प्लॉट पडले तेव्हा नकाशात नाल्याकाठची पट्टी आरक्षणात गेली. जे सगळ्यांच्या आधी तिथे होते ते कागदावर अतिक्रमण ठरले. तरी मी मार्ग काढला. कॉलनीच्या लाइनला पुढे एक लहान लाइन जोडायची आणि भिलाटीत गटाचे नळ द्यायचे, चार-पाच घरांत एक. साहेबांनी मान्य केलं. एवढंच नाही, वॉर्डातल्या बैठकीत त्यांनी भिलाटीच्या बायकांना शब्द दिला, "नवीन नळ पुरला नाही, तर जुना पुन्हा जोडून देईन."

लाइन केवढी टाकायची हे माणसांवर ठरतं. म्हणून सर्व्हे करायचा होता. साहेबांनी आकडा लगेच मागितला. पौष चालू होता.

मी भिलाटीत गेलो तर निम्म्या दारांना बोराटीची काटेरी फांदी आडवी लावलेली. तिथे कुलूप नसतं. बाहेरगावी जाताना काटा लावतात, की जनावर आत जाऊ नये आणि माणसाला कळावं. ही सगळी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांतले पुरुष आजूबाजूच्या गावांत सालदार. मी ज्या दाराला काटा नव्हता ती घरं धरली, त्यांत दिसली ती माणसं धरली आणि आकडा दिला. त्या आकड्याला दीड इंची पाइप पुरत होता. दीड इंची मंजूर झाला.

इथे आखाजीबद्दल सांगायला हवं. सासुरवाशिणी त्या दिवशी माहेरी येतात. घराघरांत सांजोऱ्या होतात, डांगर म्हणजे खरबूज कापलं जातं, झोके बांधले जातात. पितरांसाठी नवी मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात. आणि सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. तो हिशेब करून घरी येतो आणि नवं साल सुरू होईपर्यंत कुणाचा गडी नसतो. माझ्या वडिलांकडे सालदार होता. आखाजीला आमचं अंगण सुनं वाटायचं. बैलांना पाणी आम्ही पोरं पाजायचो आणि वडील म्हणायचे, "आज त्याना दिन शे. आज आपन त्याना गडी."

म्हणजे ऊसतोडवाले परतलेले, सालदार घरी, लेकी माहेरी. वर्षात भिलाटी भरलेली असते ती आखाजीला. पौषात मोजून तिची लाइन ठरवायची नसते. हे पुण्याच्या साहेबांना कळणं शक्य नव्हतं. मी आयुष्यभर आखाजीची घागर पाहत आलो होतो आणि तरी मी दीड इंच लिहिला. आकडा लवकर हवा होता आणि दिसेल तेवढंच मोजायचं असा नियम होता. नियमाच्या आत राहून चूक करता येते, हे सरकारी नोकरीत लवकर कळतं.

फाल्गुनात ट्रायल घेतली. अजून वस्ती अर्धी रिकामी होती. नळाला झकास पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोगीबाईनं मात्र तोटी बंद करून पुन्हा उघडली आणि मला म्हणाली, "आखाजीले दखसूत." आखाजीला बघू.

त्याच आखाजीच्या आत खांब नजरेआड करायचा होता, कारण इन्स्पेक्शनची टीम लगेच नंतर येणार होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी आणि सुकदेव फिटर तिथे गेलो. वैशाखातली दुपार. चिटपाखरू नव्हतं. सुकदेव कुरकुरत होता.

"साहेब, हाई काम दोन दिन मांगे ढकला ना. पोरी घर येल शेतस मन्ह्या. डांगर लेवानं शे."

"अर्ध्या तासाचं काम आहे, चल."

माझा बेत साधा होता. चार तोट्या काढायच्या, पाइपाला प्लग मारायचा, खांबावर गोणपाट टाकायचं. टीम येऊन गेली की गरज पडल्यास पुन्हा जोडता येईल. तीन तोट्या निघाल्या. चौथीचा नट गंजून बसला होता. सुकदेवनं पाना लावला, मी जोर लावला, पाना घसरला. मग सुकदेवनं हातोडा उचलला.

"हळू," मी म्हणालो.

पण त्यानं दिलेला फटका नटावर न बसता खांबावर बसला. जुनं सिमेंट. खांब मधोमध तडकला आणि ओट्यावर आडवा झाला. पाण्याची चिळकांडी उडाली. आम्ही दोघं भिजून कसाबसा प्लग मारला, हत्यारं पोत्यात कोंबली आणि निघालो. तुकडे उचलायला नंतर ट्रॅक्टर पाठवू असं ठरलं. आम्हाला कुणी पाहिलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी मोबाइल वाजला. पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन होता. "साहेब, भिलाटीमा पानी नही. बाया जमी ग्यात."

नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल एंड म्हणतो. पाइपातलं पाणी आधी सुरुवातीच्या घरांना मिळतं, उरलं तर शेवटच्यांना. त्यात लाइनवर मोटारी असतील तर त्या पुढचं पाणीही ओढून घेतात. त्या सकाळी गोकुळनगरात घराघरांत लेकी-नातवंडं आलेली आणि सगळ्या मोटारी एकदम चालू.

मी पोचलो तेव्हा नव्या नळापाशी घागरींची रांग होती. लाल, नव्या कोऱ्या. पुरुषही उभे होते, जे मला तिथे कधी दिसले नव्हते. मोगीबाईची घागर पहिली. तिचा नवरा त्याच पाटलांचा सालदार, त्या वर्षी वारला होता. त्याच्या नावाची ती पहिली घागर.

"साहेब, आमना नळ कोठे गया?"

"नवीन आहे ना, मोगीबाई."

तिनं तोटी पूर्ण उघडली. आतून फुस्स आवाज आला.

"दख. हाऊ नळ निस्ता वारा दी ऱ्हायना. मन्हा माणूस काय वारा पी?"

मी मोटारी बंद करायला कॉलनीत फोन लावू लागलो. सणाच्या सकाळी कोण उचलतो? तेवढ्यात मोगीबाईनं घागर उचलली आणि सरळ चौधरी सरांच्या फाटकातून आत गेली. रोजचं कामाचं घर. तिच्या मागे बाकीच्या बायका. सरांच्या मिसेस बाहेर आल्या. त्यांनी एक शब्द विचारला नाही. अंगणातल्या टाकीचं झाकण स्वतः काढलं आणि मोगीबाईची घागर स्वतः भरून दिली. भांडण झालं नाही, कुणी शिवी दिली नाही. मी फाटकाशीच उभा होतो, म्हणून खात्रीनं लिहितो.

पण गल्लीतल्या बाकीच्यांनी फाटकातून आत जाणारी गर्दी पाहिली. "घुसले, घुसले" झालं. कुणीतरी साहेबांना फोन केला. ते आले. आल्या आल्या त्यांची नजर आडव्या पडलेल्या खांबावर गेली.

"हा कुणी पाडला?"

"आणखी कोण?" चौधरी सर म्हणाले. "पाणी नाही म्हणून राग काढला. ही मोगी सगळ्यांच्या पुढे होती."

साहेबांनी मला विचारलं. नीट विचारलं, सगळ्यांसमोर, मला वाव ठेवून. "इंजिनिअर साहेब, हे आपल्या माणसांनी केलंय का?"

मी म्हणालो, "सर, आम्ही फक्त तोट्या काढल्या होत्या."

या वाक्यातला एक शब्दही खोटा नाही, अशी मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली. तोट्या आम्ही काढल्याच होत्या. खांब आम्हाला पाडायचा नव्हताच.

साहेब बायकांकडे वळले. "मी शब्द दिला होता. जोडूनही दिला असता. पण सार्वजनिक मालमत्ता तुम्हीच फोडली, तर मी वर काय सांगू? आता तो पुन्हा बांधता येणार नाही."

मोगीबाई भरलेली घागर कमरेवर घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. घागर सांभाळत नाल्याकडे उतरली.

मी तेव्हा का बोललो नाही? रिटायरमेंट जवळ होती, हे एक. पण खरं कारण इंजिनिअरचं होतं. मी मनात हिशेब केला की महिनाभरात तीन इंची लाइन टाकून देऊ, पाणी आलं की खांब कुणी पाडला हे कोण विचारतंय? दुरुस्ती झाली की चूक झालीच नव्हती, असं आमच्या धंद्यात समजतात.

तीन इंचीचा प्रस्ताव मी खरंच पाठवला. तो परत आला. तुमच्याच सर्व्हेप्रमाणे दीड इंची पुरेसा आहे, असा शेरा होता. माझ्या आकड्यानं माझीच वाट अडवली. टीम आली, पाहून गेली. शहर स्टँडपोस्टमुक्त जाहीर झालं. वेशीवर बोर्ड लागला आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. स्टोअरचा एक पाना कमी भरला. सुकदेव म्हणाला, "पडना व्हई कोठे तरी." तो विषय तिथेच संपला.

भिलाटीच्या बायका पुढची काही वर्षं हायवे ओलांडून पलीकडच्या हातपंपावर गेल्या. मोगीबाई कॉलनीत 'नळ तोडणारी' झाली. एकेक घर सुटलं. सरांच्या मिसेसनी तिला धरून ठेवलं होतं, पण सरांनी फाटक बंद केलं. मी रिटायर झाल्यावर दुसरा इंजिनिअर आला. त्यानं नवीन सर्व्हे केला, मोठी लाइन टाकली. आता भिलाटीत पाणी आहे. गोकुळनगरात आता तिमजली घरं झाली आहेत. ओट्याच्या जागी पार्किंग आहे.

स्मरणिकेचं पत्र आलं आणि मला झोप येईना. या आखाजीला मी पिशवीत एक डांगर घेऊन भिलाटीत गेलो. मोगीबाई अंगणात बसली होती. केस पांढरे, नजर तशीच. मी सगळं सांगितलं. सुकदेव, हातोडा, खांब, माझं ते वाक्य.

ती डांगराचा वास घेत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "माले ठाऊक शे."

"कसं?"

तिनं नळाकडे हात केला. तोटीखाली दगडावर एक पाना होता. दांड्यावर नगरपरिषदेचा पिवळा रंग अजून थोडा शिल्लक होता.

"तुन्हा पाना तठेच पडेल व्हता. आखाजीना दिन सकायमाच सापडना."

"मग तेव्हाच का दाखवला नाहीस?"

"कोणले दखाडू? पाना बी मीच चोरा म्हनतात ना तुम्ही."

या 'तुम्ही'त मी होतो. मी विचारलं, पाना परत नेऊ का? स्मरणिकेच्या लोकांना दाखवता आला असता.

"नको. नळ गळस मन्हा. माले लागस तो." मग डांगर कापायला विळी ओढत म्हणाली, "माले काय सांगस तू? माले ठाऊक शे. कॉलनीले सांग."

म्हणून हे कॉलनीसाठी लिहिलं. खांब मी आणि सुकदेवनं पाडला. मोगीबाई त्या दुपारी चौधरी सरांकडे भांडी घासत होती. सर आता नाहीत. मिसेस आहेत, त्यांना विचारावं.

नवीन इंजिनिअरांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. वस्तीची लाइन ठरवायची तर माणसं आखाजीला मोजावीत. आणि काम झाल्यावर जागा सोडण्याआधी हत्यारं मोजावीत. आम्ही दोन्ही वेळा मोजायला चुकलो.